जांभळाचं मूळ मोरीपर्यंत जातं का?

ती. मामीस,

साष्टांग नमस्कार. (हे पत्र मी परसातल्या चरात पालथी पडून लिहिते आहे, त्यामुळे आठही अंगं खरोखरच जमिनीला टेकली आहेत. या वेळी तरी हा शब्द नुसता रिवाज म्हणून वाचू नकोस.)

ताईचं बाळ कसं आहे? रात्रीचा दिवस करतं असं कळलं. ताईला म्हणावं, बाळ झोपलं की तूही झोप, भांडी कुठे पळून जात नाहीत. जावईबापूंचा भात अजून पातेल्याला चिकटतो, की आता पातेल्यानेच सोडून दिलं? तुझा गुडघा कसा आहे? तिथल्या जिन्याचं ऐकून मला काळजी वाटली. इकडे आम्ही दोघं मजेत आहोत. मामांची तब्येत उत्तम. माझी नखं सोडली तर माझीही उत्तम.

फोनवर हे सगळं सांगता आलं असतं, पण मी फोन लावला की मामा शेजारी येऊन उभे राहतात, आणि तू तिकडे फोन मोठ्या आवाजावर ठेवतेस, म्हणून पत्र. सगळ्यात आधी हे वाच: जांभूळ उभं आहे. एक फांदीसुद्धा कमी झालेली नाही. आता पाणी पी आणि पुढचं सावकाश वाच. तू ताईकडे जाऊन राहिलीस आणि मामांनी फोनवर जाहीर केलं की मागच्या मोरीची फरशी खचली, गटार तुंबलं, हे सगळं तुझ्या जांभळाच्या मुळांनी केलं, तेव्हा जांभूळ पाडणार. त्यावर तू मला फोन करून म्हणालीस, "मी बाळाला टाकून येऊ शकत नाही. एवढं मुळांचं शिकलीस ना, जा आणि त्या माणसाला थांबव." ताई झाली त्या वर्षी तू ते रोप ओल्या फडक्यात गुंडाळून आणलं होतंस हे मला ठाऊक आहे, तुझा आवाज कापत होता हेही मला कळलं. मी त्याच दिवशी पिशवी भरून निघाले. संशोधन केंद्रात सरांना सांगितलं की घरगुती अडचण आहे, खोटं नव्हतं.

घरात माझ्या कामाबद्दल काय मत आहे हे मला माहीत आहे. मामा मला मुळावर उठलेली भाची म्हणतात, आणि ताईच्या सासरी तर मी मुळ्याची भाजी पिकवते असा समज आहे. तेव्हा एकदा नीट सांगून टाकते. आपल्यासारख्या उष्ण प्रदेशातल्या जंगलात वर जेवढी गर्दी असते त्याहून खाली जास्त असते. घमेलंभर माती उचलली तर तिच्यात शेजारपाजारच्या सगळ्या झाडांची मुळं एकमेकांत अडकलेली सापडतात. त्यांतही स्वभाव वेगवेगळे. काहींची मुळं बारीक, दाट फुटव्यांची, सतत वणवण करणारी. काहींची जाड, विरळ आणि आळशी, ती मातीतल्या बुरशीला कामाला लावतात आणि बदल्यात तिला साखर देतात. (म्हणजे काही जण स्वतः पिशवी घेऊन बाजारात जातात आणि काही जण घरपोच मागवतात.) हे स्वभाव मोजायचे, हे माझं काम. मुळं चाळणीत धुवायची, चिमट्याने जिवंत आणि मेलेली वेगळी करायची, पाण्याच्या तबकात पसरून त्यांची छबी काढायची, मग भट्टीत वाळवून वजन करायचं. आणि या सगळ्याच्या आधी सरांचा एक नियम: खोड सोडायचं नाही. मधलंच मूळ उचलून ते अमक्या झाडाचं असं म्हणायचं नाही. खोडापासून धरायचं आणि टोकापर्यंत हात न सोडता जायचं. या नियमापायी आमच्या केंद्रात पाठ शाबूत असलेला एकही माणूस उरलेला नाही.

तर मी पोचले तेव्हा मामा परसात खुर्ची टाकून बसले होते, समोर झाड पाडणारा माणूस खांद्यावर दोर टाकून उभा, आणि मामा त्याला जांभळाचे गुन्हे वाचून दाखवल्यासारखे सांगत होते. पडलेल्या जांभळांनी चादरी जांभळ्या होतात, पानं पन्हळीत बसतात, वटवाघळं येतात, आणि आता मोरी. मी म्हटलं, आधीचे गुन्हे मान्य, पण मोरीचा पुरावा दाखवा. मामांना पुरावा हा शब्द लागला. (पाणीपुरवठा खात्यात जन्म गेलेल्या माणसाला कुणी गळतीचा पुरावा मागावा, हे त्यांना नवीन होतं.) बरीच घासाघीस झाल्यावर अट ठरली: मी खोडापासून मूळ धरून जायचं. ते मोरीत पोचलं तर झाड जाईल, आणि मी हूं का चूं करायचं नाही. नाही पोचलं, तर ज्याचं मूळ मोरीत सापडेल ते झाड जाईल. ही दुसरी अट मामांनी स्वतःच घातली, आणि वर झाड पाडणाऱ्याला साक्षीदार केलं. तो बिचारा काम मिळेल या आशेवर असावा, रोज येऊन बसायला लागला आणि माझं चहा करणं वाढलं.

मोरीच्या बाजूला गेलेलं सगळ्यात जाड मूळ मी धरलं. पहिल्या दिवशी मामा खुर्चीवरून नुसते बघत होते. दुसऱ्या दिवशी खुर्ची चराच्या काठाला आली. मी खुरपं जरा जोरात मारलं तर "अगं हळू, साल निघेल," म्हणाले. त्यानंतर ते स्वतःच खाली उतरले, आणि एकदा उतरले ते उतरलेच. दाढीचा ब्रश माती झटकायला आला. (जुना नव्हे, ताईने पाठवलेला नवा.) दर फाट्यापाशी एक काडी आणि काडीला कापडाची चिंधी, मोठ्या फाट्याला लाल, छोट्याला पांढरी, अगदी नळाच्या जाळ्याला लावतात तशी. भिंतीवर खडूने नकाशा. त्यात तुझं जांभूळ "मुख्य टाकी" या नावाने दाखवलं आहे. शेजारच्या काकू कुंपणावरून विचारायच्या की काय चाललंय, तर मामा त्यांना बारीक मुळं आणि आळशी मुळं यांतला फरक समजावून द्यायचे, तोही माझ्यापेक्षा बरा. आपण कुठल्या बाजूने लढतो आहोत हे ते साफ विसरले होते असं मला वाटलं, आणि मी मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास टाकला.

तो जरा लवकर टाकला. मला एक दिवस केंद्रात जाणं भाग होतं. भट्टीत माझी मुळं होती आणि त्या भट्टीत कुणीतरी मोजेही वाळवतं असा मला बरेच दिवस संशय आहे. संध्याकाळी परत आले तर मामा दारातच, हात कोपरापर्यंत मातीचे, चेहरा असा की त्यांना आकाश ठेंगणं झालेलं. मूळ मोरीत पोचलं होतं. जाऊन बघते तर खरंच: धुण्याच्या दगडापर्यंत आलेलं मूळ तिथून वळून सरळ मोरीच्या गटारात. मामी, खरं सांगते, त्या क्षणी मला झाडापेक्षा तुला काय सांगायचं याची भीती वाटली. मामा म्हणाले, "आधी तिला फोन लाव, मग बाकीचं." मी म्हटलं, थांबा, एकदा बघू द्या. दगडाखाली हात घातला. आपलं मूळ सरळ पुढे गेलं होतं, आणि त्याच्यावरून आडवं एक दुसरंच गेलेलं. मामांनी नेमक्या त्या ठिकाणी खोडाचं मूळ सोडलं आणि आडवं धरलं. का, असं विचारलं तर शांतपणे म्हणाले, "तिथे काटकोन होता. काटकोन म्हणजे एल्बो. एल्बोला पाइप वळतोच." मी आजवर मुळं धरताना माणसांनी केलेल्या खूप चुका पाहिल्या, पण मुळाला एल्बो जोडणारे मामा पहिलेच.

नुसतं माझ्या म्हणण्याने ते ऐकणार नव्हते, म्हणून दोन्ही मुळांची टोकं कापून तुझ्या ओट्यावर नेली. (तुझी चहाची गाळणी घेतली. ती आता चहाला वापरू नये असं मला वाटतं. पांढरी ताटलीही.) धुवून शेजारी शेजारी पाण्यात पसरली. जांभळाची मुळं बारीक, काळपट, इतक्या फुटव्यांची की विस्कटलेल्या केसांसारखी. मोरीतली मात्र जाड, पिवळसर, फुटवे मोजके. मामा चष्मा वर-खाली करत बराच वेळ बघत राहिले. झाड पाडणाराही मान घालून बघायला लागला. मग मी पिवळ्या मुळाची साल नखाने खरवडली आणि मामांच्या नाकाखाली धरली. त्यांनी वास घेतला. पुन्हा घेतला. झाड पाडणाऱ्याला दिली, त्यानेही घेतला, आणि दोघांनी एकदमच खिडकीतून बाहेर पाहिलं. कोपऱ्यात मामांचं लिंबू उभं होतं. तेच, ज्याच्याशी ते रोज आंघोळीनंतर गप्पा मारतात आणि ज्याची लिंबं शेजारी वाटताना "घरचं आहे" असं सांगतात.

खात्री म्हणून दुसऱ्या दिवशी लिंबाच्या खोडापासून धरून आलो, हात न सोडता, आणि मोरीत पोचलो. अट सगळ्यांच्या तोंडपाठ होती. झाड पाडणाऱ्याने दोर उचलला आणि विचारलं, "मग हे घेऊ का?" मामा दोर आणि लिंबू यांच्या मधे येऊन उभे राहिले. मग त्यांनी जे भाषण केलं ते त्यांच्या खात्याने ऐकायला हवं होतं. मुळाचा धर्मच पाणी शोधणं, म्हणाले. पाइप चांगला असता तर मूळ आत शिरलं कसं असतं? मूळ पाइप फोडत नाही, फुटलेल्या पाइपात शिरतं. गुन्हा पाइपचा. तो पाइप कुणी टाकला होता हे कुणी विचारलं नाही, कारण आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तेव्हा लिंबू सुटलं, जांभूळ तर निर्दोषच, आणि पाइप बदलायचा ठरला. झाड पाडणाऱ्याला वाटेला लावताना मामांनी बरोबर पिशवीभर लिंबं दिली.

ताईला आणि जावईबापूंना नमस्कार, बाळाला पापा. मुळांचं शिक्षण घरच्यांच्या उपयोगी पडलं, हे ताईच्या सासरी जरूर सांग.

तुझी,
मुळावर उठलेली भाची

ता. क. तुझी गुलाबाची रांग खोड आणि मोरी यांच्या मधोमध होती. ती सध्या बादल्यांमध्ये आहे आणि टवटवीत आहे. बादल्या कमी पडल्या म्हणून दोन गुलाब कुकरमध्ये आहेत.

ता. क. आणखी एक. पाइप अजून बदललेला नाही. लिंबू सुटल्यावर काम संपलं असं मी समजत होते, पण मामा जांभळाची दुसऱ्या बाजूची मुळं धरून निघाले आहेत. एक मूळ स्वयंपाकघराखाली गेलं आहे आणि त्यांनी ओट्याजवळच्या फरशीवर खडूने खूण केली आहे.

शेवटचा ता. क. काल जेवताना मी विचारलं की आता कशासाठी खणताय. ते भात कालवता कालवता म्हणाले, "पाइप फुटलाय हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मला वाटलं, जांभळाचं नाव काढलं की ती पहिल्या गाडीने येईल. तिने तुला पाठवलं." झाड पाडणाऱ्यालाही म्हणे नुसतं येऊन उभं राहायला सांगितलं होतं. मामी, बाळ थोडं मोठं झालं की ये. किंवा बाळ आणि ताईला घेऊनच ये, फरशी उचलायच्या आत. हे तुला लिहायचं नाही असं त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलंय. म्हणून मी पत्रात कुठेही लिहिलेलं नाही, सहीच्या खाली लिहिलंय.