कन्हानच्या पुलावरचा ठिपका

इंदोरा, नागपूर
रविवार, ८ मार्च २०२६

चि. दीक्षास,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम. वि. वि.

पत्रास कारण आपली गाडी. सर्व्हिसिंगला नेली तेव्हा तिथल्या पोरीने माझ्या कानांशी भांडण्यापेक्षा सरळ छापील कागदच हातात दिला. शहाणी निघाली. कागदात लिहिलंय की, आपलं मॉडेल जुनं झालं, म्हणून गाडीची खबर फोनवर देणारी सोय कंपनी ३१ मार्चपासून बंद करते आहे. पाच वर्षांची गाडी म्हातारी! मग मी कोण?

गाडी आपली. तुझ्या पहिल्या बढतीत तू घेऊन दिलेली, कागदपत्रं माझ्या नावावर. आत बसवलेलं यंत्र धडधाकट आहे, असंही त्या पोरीने लिहून दाखवलं. तरी कंपनी दूर कुठेतरी बसून ते बंद करणार. म्हणजे घर विकलं, पण खिडकी उघडायची की नाही ते विकणाराच ठरवणार.

मला बाकीच्या सोयींची हौस नाही. पण तुझी आई गेल्यावर आपलं एक ठरलं ना? सकाळी साडेसहाला मी गाडी दोन मिनिटं सुरू करतो, तुझ्या फोनवर घंटी वाजते, आणि बाबा उठला हे तुला कळतं. फोन मला ऐकू येत नाही. मेसेज करायला गेलो तर बोटं थरथरतात. मागे तुला पाठवलेला अंगठा मनकर्णाबाईंच्या जावयाला गेला. पेन धरलं की मात्र हात ऐकतो. गेल्या पावसाळ्यात तापाने पडलो, गाडी सुरू झाली नाही, तर तासाभरात तू शेजारच्या मनकर्णाबाईंना माझ्या दारात उभं केलंस. ती घंटी गेली तर मी उठलो काय नि न उठलो काय! तू बँकेतली अधिकारी आहेस, त्यांना चांगलं इंग्रजीतून खडसाव.

बाकी मजेत. दर रविवारसारखा आज कन्हानला जाऊन आलो. पुलाजवळ भैय्याजीशी गप्पा झाल्या. आम्ही दोघं रेल्वेच्या टपाल-डब्यात पत्रं लावायचो तेव्हाची एक चुकीची थैली तो अजून माझ्याच माथी मारतो.

जेवणखाण वेळेवर कर. लोभ आहेच, पत्रात मात्र कंजुषी करू नकोस.

तुझा बाबा,
संघपाल


गुवाहाटी
१७ मार्च २०२६

ती. बाबांस,
दीक्षाचा सविनय जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. कंपनीला चारदा फोन केला. चारही वेळा फार गोड आवाजात माफी मागितली. एकाने सुचवलं की जुनी गाडी देऊन नवी घ्या, तिच्यात सगळं चालू राहील. मी विचारलं की, चांगल्या चालत्या गाडीतलं चालतं यंत्र तुम्ही बंद करताच कशाला? तर म्हणे, धोरण आहे. मी खूप भांडले, बाबा. ऐकायला माणूसच नव्हतं, नुसती धोरणं होती. मग फोन ठेवून रडले.

इकडे या म्हटलं तर तुम्ही मागच्यासारखं गुवाहाटीची हवा दमट आहे म्हणाल. मनकर्णामावशींना रोज डोकवायला सांगते.

एक विचारू? रविवारी फोनमधल्या नकाशावर गाडीचा ठिपका कन्हानच्या पुलाशी पाऊण पाऊण तास उभा दिसतो. पाळत ठेवल्यासारखं वाटेल म्हणून आजवर विचारलं नाही. एवढ्या कसल्या गप्पा असतात? भैय्याजीकाकांना माझा जयभीम सांगा. माझी काळजी नको. रविवारी भूमिका आणि बाकीच्या मैत्रिणींबरोबर मी बाहेरच असते.

माया आहे तशीच राहू द्या.

तुमची,
दीक्षा


इंदोरा, नागपूर
सोमवार, ६ एप्रिल २०२६

चि. दीक्षास,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

भैय्याजीला तुझा जयभीम सांगता आला नाही. तो दीड वर्षांपूर्वीच गेला. तुझ्यापासून लपवलं.

तू नकाशा बघतेस हे मला ठाऊक होतं. ठिपका सातही दिवस घरासमोरच दिसला असता तर तुला वाटलं असतं, बाबाला कोणी उरलं नाही. म्हणून रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून निघायचो. पुलाअलीकडे गाडी लावायची, काच वर करायची, आणि गप्पांना लागेल तेवढा वेळ बसून राहायचं. बाबाला उठबस आहे, एवढं तुला दिसलं की माझं काम झालं. खोटं बोललो, पोरी. रागावू नकोस.

काल पुन्हा निघालो. ऑटोमोटिव्ह चौकात सिग्नलला थांबलो आणि मनात आलं, आता कोणासाठी? तिथूनच गाडी वळवली.

सकाळी साडेसहाला मात्र अजून सुरू करतो. मनकर्णाबाईंनी कानाशी येऊन ओरडून विचारलं की, कुठी जात नाही तं रोज काहून घरघर करून राहिले गा भाऊ? काय सांगणार! त्याही परवा मुलीच्या बाळंतपणाला उमरेडला गेल्या, तीन महिन्यांसाठी.

तुझ्या मैत्रिणी आहेत, हे एक बरं आहे. पत्र लिहीत जा.

तुझा बाबा


गुवाहाटी
१४ एप्रिल २०२६

ती. बाबांस,
सविनय जयभीम आणि जयंतीच्या मंगलकामना.

आज बँकेला सुटी. सकाळपासून तुमचं पत्र चारदा वाचलं. रागावू कशी? भूमिकाची बदली होऊन वर्ष झालं. बाकीच्या मैत्रिणी कधी नव्हत्याच.

रविवारी ठिपका इंदोऱ्याहून निघाला की मी कुकर लावायचे. कामठीत आला की पोळ्या. एकटीला घास उतरत नाही, म्हणून फोन तांब्याला टेकवून ठेवायचे, आणि तुम्ही पुलाशी थांबलात की जेवायला बसायचे. तुम्ही परत वळलात की ताट उचलायचे. बाबा, वर्षभर आपण दोघं रविवारी बरोबर होतो आणि दोघांनाही ते माहीत नव्हतं.

पाच तारखेला तशीच ताट वाढून बसले. फोनवर आलं, सेवा उपलब्ध नाही. ताट तसंच झाकून ठेवलं.

जूनमध्ये रजा मिळेल, तेव्हा येतेच. तोवर एक करा. जन्मभर लोकांची पत्रं लावलीत, आता मला रोज एक कार्ड टाका. उठलो, एवढंच लिहा. पण खरं लिहा.

तुमच्या मायेची भुकेली,
दीक्षा


पोस्टकार्ड
इंदोरा, नागपूर
बुधवार, २२ एप्रिल २०२६

चि. दीक्षास,
जयभीम. उठलो. साडेसहा वाजलेत. गुडघा दुखतो आहे, हेही खरं.

हे कार्ड तुला सहा दिवसांनी मिळेल. म्हणजे रोज तुझ्या हाती सहा दिवसांपूर्वीचा बाबा येईल. मधले सहा दिवस तू धीर धर.

येत्या रविवारपर्यंत कार्ड पोचत नाही, म्हणून त्याच्या पुढच्या रविवारचं लिहितो. ३ मेला दुपारी साडेबाराला मी पुलाशी असेन. डबा नेईन. ठिपका दिसणार नाही. तू ताट वाढून घे.

बाबा