'निष्क्रिय' हा शेरा मागे घेण्याबाबत

प्रति,
मा. विभागप्रमुख,
डिझाइन विभाग, पंप कारखाना.

विषय: माझ्या अहवालातील 'निष्क्रिय' हा शेरा रद्द करून ज्येष्ठ अभियंत्यांना परत कामावर घेणेबाबत.
संदर्भ: माझा यापूर्वीचा अर्ज व त्यावरील आपले उत्तर.

महोदय,

आराखडे काढण्याच्या कॅड सॉफ्टवेअरवर अभियंते प्रत्यक्षात कसे काम करतात, याच्या अभ्यासासाठी आपण माझी नेमणूक केली. त्यानुसार मी चाळीस दिवस पाच अभियंत्यांच्या पाठीमागे स्टूल टाकून बसले आणि दर मिनिटाला माउस हलतो की नाही, याची नोंद केली.

त्यांतील सर्वांत ज्येष्ठ, ज्यांना सगळे 'मास्तर' म्हणतात, त्यांचा हात दिवसाकाठी तीन-तीन तास थांबलेला आढळला. मी कारण विचारले. ते म्हणाले, "बाई, मी मनात हा पंप खोलतोय. आत पाना फिरेल का, फिटरचा हात अडकेल का, ते बघतोय." मला ते पटले होते, हे येथे कबूल करते. परंतु तक्त्यात 'सक्रिय' व 'निष्क्रिय' असे दोनच रकाने होते. मी दुसऱ्यात खूण केली.

तो तक्ता आपण बैठकीत पडद्यावर दाखवलात. मास्तर समोरच होते. "नुसतं बसायला घर आहे ना तुम्हाला?" असे आपण विचारलेत, तेव्हा सगळे हसले. मीही हसले.

त्याच आठवड्यात त्यांना कमी करण्यात आले. त्यांचा अर्धवट आराखडा दुसऱ्या अभियंत्याने चार दिवसांत उरकला. त्याचे कौतुकही झाले. त्यावरून बनवलेला पंप चाचणीत गळू लागला, तेव्हा बोल्ट आवळायला फिटरने हात घातला. बोल्ट फिरत्या दांड्याला खेटून होता. दोन बोटे गेली. चौकशीत 'फिटरचा निष्काळजीपणा' असे नमूद झाले. शेरा मागे घ्यावा असा मी अर्ज केला, त्यावर आपले उत्तर आले: "अहवाल उत्तम. पुढील अभ्यास फिटर विभागाचा करावा."

गेल्या रविवारी मी माफी मागायला मास्तरांच्या घरी गेले. ते मुलीच्या जुन्या संगणकापुढे बसून माउस हलवत होते. पत्नी घड्याळ आणि वही घेऊन शेजारी. "काल पन्नास मिनिटं सलग," त्या म्हणाल्या. पडद्यावर नुसत्या रेघा होत्या, कशाच्याच नव्हत्या. मला बोलूच न देता मास्तर म्हणाले, "आता हात थांबत नाही, एवढं साहेबांना कळवा. तुम्ही लिहिलंत म्हणून माझी खोड कळली."

त्यांच्या सांगण्यावरून कळवत आहे. शेरा रद्द व्हावा, ही विनंती माझी आहे.

आपल्या निर्णयाची वाट पाहणारी,
(सही)
निरीक्षक, कार्यपद्धती अभ्यास
दिनांक: १४ मार्च

सोबत: १. मूळ तक्ता.
२. मास्तरांच्या सरावाची वही, पत्नीच्या अक्षरात.