बोटीची लाल दोरी

१० नोव्हें., रविवार

बोट बघून आले. उदगीरच्या अलीकडं, एका आप्पांच्या शेतात. आप्पांनी तळं खोदून, झोपड्या बांधून पाहुण्यांसाठी पर्यटन काढलं होतं. दोन उन्हाळे तळं कोरडं पडलं, पाहुणे बंद झाले, बोट गोठ्यात आली. आता तिच्यात म्हशीला कडबा टाकतात. मी गेले तेव्हा म्हैस बोटीत तोंड घालून जेवत होती. मान वर करून माझ्याकडं बघितलं आणि परत जेवायला लागली.

आप्पा म्हणाले, "बोटीला काय बी झालं न्हाई बाई. म्हशीनं बी कधी तक्रार केली न्हाई."

फायबरची, चौघांची. इंजिन वेगळं, पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलेलं. मी भूगोलाची बाई. एकतीस वर्षं फळ्यावर निळ्या खडूनं गोदावरी काढली, बोटीत एकदाही बसले नाही. तरी हो म्हणून आले.

ह्यांना सांगितलंय की नायगावला मैत्रिणीकडं गेले होते.

११ नोव्हें.

प्रज्ञाचा पुण्याहून फोन. "आई, बाबांना धड जिना उतरता येत नाही आणि तू बोट घेतेस?" लेकीचं खरं आहे. पण दीड वर्ष मी बघतेय. ह्या माणसानं अठ्ठावीस वर्षं पाटबंधाऱ्याची लाँच चालवली, पुरात लोकांना पत्र्यांवरून उतरवून आणलं. झटका आला आणि डावी बाजू गेली. पाय बराचसा परत आला, हात आला नाही, बोलणं निम्मं आलं. पूर्वी मला चिडवायला "विमलबाई" म्हणायचे, शाळेतल्यासारखं. आता "ए". तेही काम असलं तर.

खुर्ची खिडकीकडं पाठ करून ठेवायला लावतात. खिडकीतून नदीचा रस्ता दिसतो.

एकदा पाण्यावर नेऊन बसवायचं. बास. एवढंच मागणं आहे.

१७ नोव्हें., रविवार

बोट आणली. आणताना एक गोंधळ.

छोटा ट्रक आणि बोटीचा चाकांचा गाडा दोन्ही तयार. आप्पा म्हणाले, "थांबा. दारातून वाहन असं जात नसतं." बोटीच्या नाकावर विभूतीचे तीन पट्टे ओढले, फूल वाहिलं, नारळ घेतला. आमच्यात नारळ फोडत नाहीत, पण दुसऱ्याच्या दारात कशाला बोलायचं, म्हणून गप्प उभी राहिले. आप्पांचा हात ट्रॅक्टरचा. नवीन ट्रॅक्टरच्या लोखंडावर दणकन हाणायची सवय. पहिल्या दणक्याला नारळ फुटला नाही. दुसऱ्याला बोट फुटली.

म्हणजे नाकाला तडा गेला, केसाएवढा. नारळ शाबूत. तो मग दगडावर फोडला आणि खोबरं सगळ्यांना वाटलं. आप्पांचं तोंड एवढंसं झालं. म्हणाले, "ह्येला लोखंड न्हाई हे ध्यानातच आलं न्हाई." मी म्हटलं, असू द्या, वरचाच रंग गेलाय. गाडा तसाच देऊन टाकला बिचाऱ्यांनी.

घरी आलो. बोरिंगच्या शेजारी लावली. हे दारात आले, काठी टेकून उभे राहिले, बघितलं.

"कशाला."

आत गेले. खुर्ची तशीच, पाठ करून.

२३ नोव्हें.

भोकरहून खलीलभाई आले. बोरच्या मोटारी, फवारणीचे पंप दुरुस्त करतात. ह्यांच्या ऑफिसचे पंपही तेच बघायचे, म्हणून ओळख. बोटीचं इंजिन आयुष्यात पहिल्यांदा बघितलं म्हणाले, पण "भाभी, इंजन म्हणजे इंजन."

प्लग साफ केला, कार्बोरेटर खोलला, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलं. मग दोरी ओढणं सुरू. खलीलभाईंचा खांदा गेला, मग माझा. एक हुंकार नाही. दोन तास.

आतून आवाज आला. "लाल... दोरी."

मी आत गेले. हे अजून पाठ करूनच. उजव्या हातानं मनगटाभोवती काहीतरी गुंडाळल्यासारखं करून दाखवलं. मग हळूहळू, तुकड्या तुकड्यानं कळलं. इंजिनाला एक लाल दोरी असते. एक टोक चालवणाऱ्याच्या मनगटाला, दुसऱ्या टोकाची क्लिप इंजिनाच्या बटणाखाली. माणूस पाण्यात पडला की क्लिप निघते, इंजिन थांबतं. क्लिप नसेल तर इंजिन चालूच होत नाही.

आप्पांना फोन. ते म्हणाले, "ती व्हय? ती तर वासराच्या गळ्यात हाय. घंटी बांधायला लई झ्याक दिसली."

कित्येक महिन्यांत ह्यांनी मला आपणहून काही शिकवलं नव्हतं. आज शिकवलं. माझा खांदा दुखतोय आणि मला बरं वाटतंय.

२७ नोव्हें.

दोरी आली. आप्पांनी उदगीर-नांदेड एसटीच्या कंडक्टरकडं दिली होती. वासराच्या केसांसकट. साबण लावून घासून धुतली.

क्लिप लावली आणि चौथ्या ओढीला इंजिन चालू. खलीलभाईंनी हात वर करून अल्लाचे आभार मानले, मी टाळ्या वाजवल्या. कौतुकानं चालू ठेवलं, पाच-सहा मिनिटं. आतून काठी आपटायला लागली. "पाणी! पाणी!" मी तांब्या घेऊन धावले. ह्यांनी तांब्या बाजूला सारला आणि काठीनं अंगण दाखवलं. तोवर अंगणात जळक्या रबराचा वास.

हे इंजिन पाणी ओढून स्वतःला थंड ठेवतं. कोरडं चालवलं की आतला रबरी पंखा जळतो. खलीलभाई पायरीवर डोकं धरून बसले. "बोरची मोटर कोरडी चालवू नका म्हणून मी सगळ्या तालुक्याला सांगून राहिलो भाभी. आणि स्वतःच..."

मी चहा केला. ह्यांनी चहा घेताना खलीलभाईंकडं बघितलं आणि तोंडाची उजवी बाजू हलली. हसले. मी बघितलं.

पंखा हैदराबादहून मागवलाय. यापुढं इंजिन पिंपात बुडवून चालवायचं.

१ डिसें., रविवार

आजची तारीख लक्षात ठेवायची.

बोट गळते का हे बघायचं कसं, मला माहीत नाही. ह्यांना विचारलं. "भर." म्हणजे काय? "आत. पाणी भर." पाण्यात टाकून बघायच्या आधी बोटीतच पाणी भरायचं, जिथून बाहेर येईल तिथं भोक. किती सोपं. पाइप लावला, भरत बसले. मागं, तळाला, कडेला सगळीकडं फिरले. कुठंच नाही. खुश झाले.

मागं काठीचा आवाज. हे तीन पायऱ्या उतरून आले होते. एकटे. कठडा उजव्या हाताला यावा म्हणून उलटे, पाठमोरे उतरले. मी धरायला धावले तर मानेनं नको म्हणाले. बोटीच्या नाकाशी गेले, वाकले, तळहात खालून फिरवला. थांबले. "इथं."

आप्पांचा तडा. बाहेरून केसाएवढा, आतून आरपार. थेंब थेंब पाणी त्यांच्या बोटांवरून गळत होतं. बराच वेळ हात तिथंच ठेवला.

तो नारळ दुसऱ्या दणक्याला फुटला असता तर हे आजही आतच बसले असते. त्या नारळाची मी आभारी आहे. आमच्यात फोडत नाहीत तरी.

८ डिसें., रविवार

मी तक्रार म्हणून नाही, सहज फोनवर सांगितलं, तर आप्पा आज स्वतः हजर. पिशवीत फायबरचं कापड, चिकट द्रव, शेंगदाण्याचं पोतं वेगळं. "मी फोडली, मीच जोडणार." दारातूनच हात जोडून, लिंगायतांच्या रिवाजानं, "शरणार्थी" म्हणाले. आतून उत्तर आलं, "जयभीम". एकही अक्षर न अडखळता.

कापड लावलं, वाळू दिलं. मग पॉलिश पेपरनं घासायचं काम ह्यांनी मागून घेतलं. खुर्ची अंगणात आणायला लावली. उजव्या हातानं तासभर घासत होते. आप्पा मधूनमधून, "साहेब, बास की, आरशागत झालं." हे ऐकत नव्हते.

आप्पा जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "माझ्याकडं होती तवा हिची गव्हाण झालती. तुमच्याकडं हिचं नशीब उघडलं." मी शेंगदाण्याचं पोतं उचलून आत नेलं.

२२ डिसें.

नवा पंखा बसला. पिंपात इंजिन झकास चालतं, मागून पाण्याची धार पडते. पाण्यावर न्यायची परवानगी मिळाली. कागदावर ह्यांनी उजव्या हातानं सही केली, ऑफिसातल्या जुन्या माणसांनी खुर्ची दिली, चहा दिला. पाण्यात तरंगायची जॅकेटं दोन आणली, नारंगी.

संध्याकाळी विचारलं, मग रविवारी जायचं?

"न्हाई."

का?

खूप वेळ लागला त्यांना. "सवारी म्हणून... मी न्हाई बसणार."

मग मला दाखवलं. चालवणारा मागं उजव्या अंगाला बसतो आणि इंजिनाचा दांडा डाव्या हातात धरतो. इंजिन बनवणाऱ्यांनीच तसं बनवलंय. ह्यांचा डावा हात मांडीवर पडलेला असतो, रुमाल ठेवल्यासारखा. मी म्हटलं, मी चालवीन, तुम्ही नुसतं सांगा. तेव्हा जे बघितलं माझ्याकडं...

चुकले मी. दीड महिना ह्यांना पाण्यावर न्यायचं म्हणत होते. ह्यांना नेलेलं नको होतं. भांडी घासताना रडू आलं, घासत राहिले.

२ जाने.

आज स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसलं ते लिहून ठेवते.

मी भाकरी थापत होते. हे गाड्यावर उभ्या असलेल्या बोटीत बसलेले. स्टूल लावून चढले असणार, मला पत्ता नाही. मागं, पण डाव्या अंगाला, उलट्या बाजूला. दांडा उजव्या हातात. पेट्रोलची मूठ उलटी फिरवावी लागते तशी फिरवून बघत होते. दांडा पुढं, मागं. चुकलं की मान हलवून परत. बंद इंजिन, कोरडं अंगण. समोर आमची बोरिंग आणि वाळत घातलेले कपडे. त्यातून हे बोट चालवत होते.

भाकरी करपली. मी हाक मारली नाही.

जेवताना म्हणाले, "करपली."

हाव, म्हटलं.

१२ जाने., रविवार

पाण्यावर!

खलीलभाई आले होते, त्यांनीच टेम्पोनं गाडा ओढत धरणाच्या वरच्या अंगाच्या काठाला नेला. तिथल्या मासेमारीवाल्यांनी ह्यांना ओळखलं. चौघांनी बोट उतरवली, ह्यांना कुणी उचललं नाही, फक्त दोन्हीकडून आधाराला खांदे पुढं केले. ते कसं कळलं त्यांना, देव जाणे. सगळ्यांचे उपकार.

स्टार्टरची दोरी मी ओढली. लाल दोरी ह्यांच्या उजव्या मनगटाला मीच बांधली. मी पुढं बसले, सवारी.

पहिलं वळण भलतीकडंच गेलं, बेशरमाच्या झुडपात. दुसरं बरं. तिसऱ्यानंतर मला कळलंच नाही की वळलो. पाणी एवढं मोठं असतं हे मी मुलांना कधीच सांगितलं नव्हतं. फळ्यावर दोन बोटं जागा द्यायचे नदीला.

मध्ये जाऊन इंजिन बंद केलं त्यांनी. बगळे. लांब कुणाचा तरी ट्रॅक्टर. ह्यांनी वाकून उजवा हात पाण्यात घातला, मग तोच ओला हात डाव्या हातावर फिरवला. दोनदा.

मला हवं होतं ते मिळालं. याहून जास्त मागायचं नाही असं ठरवलं.

२ फेब्रु., रविवार

चौथी खेप. आता मी शिकलेय. परत आल्यावर इंजिन पिंपात स्वच्छ पाण्यात दहा मिनिटं, पेट्रोलची नळी काढून आतलं जळू द्यायचं, बाहेरच्या पात्यांत अडकलेलं गवत आणि जाळ्याचे दोरे काढायचे, ग्रीस. ह्यांचा हात फिरतो बोटीवरून, मग बोटानं मला जागा दाखवतात, तिथं मी पुसते. प्रज्ञाला व्हिडिओ पाठवला. ती म्हणाली, बाबा जाड झालेत.

स्टार्टर ते आता स्वतः ओढतात. पाय फळीला लावून, एका हातानं. पाचव्या-सहाव्या ओढीला होतं.

रात्रीची भाजी निवडत होते तर समोर येऊन बसले. "पुढच्या रविवारी. तू काठावर."

म्हणजे?

"एक घिरटी. एकटा."

नाही म्हटलं मी. सरळ नाही. पडलात तर इंजिन थांबेल, पण वर कोण काढणार? जॅकेट आहे म्हणे. मासेमारीवाले आहेत म्हणे. मी उठून गेले. लाल दोरी तांदळाच्या डब्यात, खाली, दाबून ठेवली. त्याशिवाय चालू होत नाही.

६ फेब्रु.

चार दिवस दोरीबद्दल बोलले नाहीत. शोधलीही नाही. रोज सकाळी बोट पुसतात.

खलीलभाईंना फोनवर विचारलं. म्हणाले, "भाभी, मी काय सांगू. तुमच्या जागी माझी बायको असती तर तिनं पण लपवली असती." मग म्हणाले, "आणि मी पण मागितली असती."

९ फेब्रु., रविवार, सकाळी

टेम्पो दारात आलाय. गाडा जोडलाय. जॅकेट त्यांनी स्वतः घातलं, पट्टे दातांनी ओढून.

मी स्वयंपाकघरात. डबा मांडीवर. हात तांदळात घातलाय, दोरी बोटाला लागते आहे. तेवढ्यात आला तो आवाज. अंगणातून, स्पष्ट. दीड वर्षात पहिल्यांदा.

"विमलबाई... दोरी."

हात तसाच तांदळात. डाव्या हातानं लिहितेय, म्हणून अक्षर असं. परत हाक आली. येते म्हटलं.