कपाला टिचकी

सोमवार, ४ मार्च
...दूध तापत होतं, केर काढून झाला होता, आणि हे ओट्याशी उभे राहून धुतलेल्या प्रत्येक कपाला नखाने टिचकी मारत होते. "अहो, घर आहे हे, कारखाना नाही!" मी ओरडले. "तडा काय घर बघून जातो?" — हसले. असली ती एक सकाळ. हे जाऊन सहा वर्षं झाली. आज कपांच्या कारखान्यात, तपासणीच्या बाकावर उगीच आठवली. काम तेच — टिचकी मारायची. खणखणीत वाजला तर चांगला, बद्द वाजला तर तडा. ह्यांनीच शिकवलं.

बुधवार, ६ मार्च
बाकावर कॅमेरा आणि माईक बसवलेत. चांगला कप डावीकडे, तडकलेला उजवीकडे. साहेब म्हणाले, "मावशी, घाई नको, नीट लावा." धाकटी जाऊ शेजारीच बसते. म्हणाली, "ताई, एवढं लक्ष देतायत म्हणजे पगारवाढ नक्की!" दोघींनी मन लावून कप लावले.

गुरुवार, २ मे
पेपरात आलंय — देशातल्या कारखान्यांचं उत्पादन वाढलं, कामगार घटले. दोनदा वाचलं. माल वाढला की माणसं वाढतात, असंच धरून चालले होते मी. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना वाचून दाखवलं. जाऊ म्हणाली, "छापणाऱ्याची चूक असेल. आपल्या दारात ट्रक मावत नाहीत!"

शुक्रवार, १० मे
चूक नव्हती. मशीन आलं. छोट्या दांडीने टिचकी मारतं, ऐकतं, चांगला डावीकडे, तडकलेला उजवीकडे. अगदी आमच्यासारखं! महिनाअखेर आमचा बाक बंद.
"आपणच शिकवलं की हो त्याला, त्या कॅमेऱ्यासमोर," जाऊ म्हणाली. रडली नाही. जेवणाच्या बंद डब्याचं झाकण पुन्हा पुन्हा दाबत राहिली.

शनिवार, ११ मे
साहेबांनी मला एकटीला बोलावलं. नदीपलीकडे मालकांचा दुसरा कारखाना आहे, तिथल्या मशीनला शिकवायचं. नोकरी पक्की. सोमवारपासून.
"तिथे तपासणीला बायका आहेत ना?"
"आहेत सध्या."
सध्या!
जाऊला सांगितलं. वाटलं, तोंड फिरवेल. म्हणाली, "जा ताई. एकीचं तरी भागू दे. आणि तोंड असं करू नका, साहेबांना वाटेल तुम्हालाच तडा गेलाय." दोघी हसलो.

रविवार, १२ मे
ह्यांचा कप काढला. टिचकी मारली. अजून खणखणीत आहे. जायचं ठरलं.

मंगळवार, १४ मे
काल गेले. साहेबांनी मशीनसमोर माझ्यासाठी खुर्ची मांडून ठेवली होती. मी तिच्यावर बसले नाही. तिथल्या बायकांच्या बाकावर जाऊन बसले, आणि कप डावीकडे-उजवीकडे कशासाठी लावून घेतात ते त्यांना सगळं सांगितलं.