बिट्टी नको

३ ऑगस्ट २०१९, शनिवार

कनेर एकदाची उपटली! हात सोलवटले, पण फाटकाजवळची ती गुलाबी अवदसा गेली. डॉक्टरांनी बजावलंच होतं — "पपी घर में है तो सबसे पहले कनेर हटाइए." आता फाटकाला बारीक जाळी, मधे मऊ हिरवळ, कडेला झेंडू आणि जास्वंद. दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरची बाग ती केवढी! पण बिट्टीला तिच्यात निर्धास्त मोकळं सोडता आलं पाहिजे. चार महिन्यांचं पिल्लू, दिसेल ते चावतं. नाव वरच्या चड्ढा आंटींनी ठेवलं — "हाय, मेरी बिट्टी!" लाडक्या लेकीला म्हणतात तसं.

अण्णासाहेब, माझे सासरे, परवाच आले. निवृत्तीनंतर वाईला राहायचे. मे महिन्यात अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं दोन-चार शब्दांवर आलं. आज व्हरांड्यात खुर्ची टाकून दिली. बागेकडे बघितलं, डावा हात उचलला आणि म्हणाले, "बिट्टी... नको. काढा."

आल्या आल्या! अविनाश म्हणतो, अण्णांचं मनावर घेऊ नकोस. घेतलंच.

५ ऑगस्ट

श्रावणी सोमवार. महादेवाला कुंपणाच्या झाडाची पिवळी, घंटेसारखी फुलं वाहिली. आम्ही राहायला आलो तेव्हापासून ते झाड आहे, नाव कधी विचारलंही नाही. त्याची खाली पडलेली हिरवी फळं बिट्टी चेंडूसारखी तोंडात धरून पळते. आज अशीच पळत होती, तर अण्णासाहेबांनी तिच्यावर काठी फेकली! "नको! बिट्टी नको!" थोडक्यात चुकली.

काठी आत नेऊन ठेवली. परत दिली नाही.

८ ऑगस्ट, गुरुवार

ऑफिसातून आले तर बिट्टी ओकून पडलेली. मान धरवत नव्हती. रिक्षात मांडीवर घेऊन नेलं. डॉक्टर म्हणाल्या, "धड़कन बहुत धीमी है. कुछ ज़हरीला खाया है." सलाइन लावलं.

काय खाल्लं? कनेर तर काढली ना मी!

९ ऑगस्ट

दांडी मारली. लिली, सदाफुली, शेवंती, कोरफड — शंका आली ते सगळं उपटलं. बाग बोडकी झाली. पिवळं झाड तेवढं ठेवलं. रोज देवाला वाहतो ते फूल, त्यात कसलं विष!

अण्णासाहेबांचं खुर्चीतून एकच — "काढा, काढा." शेवटी चिडून विचारलं, "काय काढू? बिट्टी?"

"हो! हो!"

केवढा आनंद झाला त्यांना! माझ्या तोंडून एवढंच ऐकायचं होतं जणू.

१२ ऑगस्ट, सोमवार

पुन्हा उलट्या. बागेत आता खाण्यासारखं उरलंय काय? लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. दुपारी अण्णासाहेबांना सांभाळणारी बाई डुलकी काढते. त्यांच्या खुर्चीशेजारी गोळ्यांचा डबा असतो. रक्तदाबाच्या, हृदयाच्या.

अविनाशजवळ बोलले. तो ताटावरून उठला. "माझे अण्णा कुत्रीला गोळ्या चारतील? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

नसेल. पण बिट्टी मेली तर?

१४ ऑगस्ट

बिट्टीला पाठवलं. ऑफिसातली हेमलता फरीदाबादला राहते, ती संध्याकाळी येऊन घेऊन गेली. आतापर्यंत तीनदा रडून झालं. परक्या घरी करमावं म्हणून बिट्टीची चादर दिली, आणि झाडाखालची हिरवी फळं वेचून पिशवीभर दिली.

पिशवी बघून अण्णासाहेब खुर्चीतून पुढे झेपावले, पडायचेच. "नको! बिट्टी नको!"

मी म्हटलं, "चालली ती. झालं तुमच्या मनासारखं?" सासऱ्यांना असं बोलले मी! ते ढसाढसा रडायला लागले. बाई म्हणाली, "इस बीमारी में रोना आता है, भाभीजी." असेल. मी आत निघून गेले.

१५ ऑगस्ट

गाडीत लिहितेय. फरीदाबादच्या वाटेवर बदरपूरला अडकलोय. हेमलता फोन उचलत नाही.

सकाळी वासंतीआत्या राखी बांधायला आल्या, अण्णासाहेबांची धाकटी बहीण. फाटकातच थबकल्या. "अगं लतिका, पिल्लू आहे ना तुमच्याकडे? मग कुंपणाला बिट्टी कशाला ठेवलीय?"

म्हटलं, आत्या, बिट्टी म्हणजे कुत्री, तिला काल पाठवलं.

"कुत्री कसली! हे पिवळ्या फुलांचं झाड, ही बिट्टी. फळात जहर असतं हिच्या. आमची गाभण म्हैस गेली हिच्यापायी, अण्णानेच पुरली."

गच्चीवरून चड्ढा आंटी म्हणाल्या, "हाँ जी, पीली कनेर है."

अविनाश आणि मी, दोघंही दिल्लीत वाढलेलो. हा शब्दच आमच्या कानावर कधी पडला नव्हता.

राखीचं तबक तसंच राहिलं. अण्णासाहेबांनी डाव्या हाताने मला पायरीवरून ढकललं. नवा शब्द बोलले —

"धाव."