तिसरी डिश

मंगळवार, संध्याकाळ. बिबवेवाडी

तिसरी डिश डोक्यातून जात नाही. सुजेवरच्या गोळीतल्या औषधानं मेंदूच्या गाठीच्या पेशींची वाढ थांबते का, एवढंच आम्ही लॅबमध्ये बघतोय. कुठल्या डिशमध्ये औषध आणि कुठल्यात नुसता द्रव, हे मुद्दाम फक्त आमच्या सरांना माहीत. आज तिसरीत पेशी कमी वाटल्या आणि मोजायच्या आधीच मी आईला फोन केला. "औषध चालतंय गं!" मग माझ्याबरोबर काम करणाऱ्या प्राचीनं मोजलं. फरक काहीच नाही. आणि सरांनी सांगितलं, तिसरीत औषध नव्हतंच!

घरी आले तर आई तिच्या गुडघ्याच्या, त्याच औषधाच्या गोळ्यांची पट्टी पिशवीत टाकून मावशीकडे निघालेली. मावशीच्या मेंदूतल्या गाठीचं ऑपरेशन नुकतंच झालंय. या गोळीनं डोक्यात रक्तस्राव झाला असता तर? मी पट्टी काढून घेतली.

"डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी नाही."

"मग तुझ्या त्या बशांचा उपयोग काय?" आई म्हणाली.

अजून काहीच नाही. बरोबर आहे तिचं. पण सोडणार नाही मी. उद्या सगळ्या डिश पुन्हा पहिल्यापासून लावायच्या. मोजायचं मात्र प्राचीनंच. माझ्या डोळ्यांचा भरवसा नाही. त्यांना प्रत्येक डिशमध्ये मावशी बरी झालेली दिसते.