अकोल्याचा तुकडा

पौष शु. ८, शके १७८५. अमरावती.
तुकडे-नकाशा (पुढे नुसता तु. न.) फसला. दादाने कचेरीतल्या कागदावरून वऱ्हाड उतरवून दिले, करीम मिस्त्रीने ते सागवानी फळीवर चिकटवून बत्तीस तुकडे कापले, आणि माझ्या ओसरीवर शिकणाऱ्या पाच मुलींपैकी एकीलाही तो जुळेना. यमुनीने रडून मोर्शीचा तुकडा अंगणात भिरकावला. शोधण्यात अर्धी सकाळ गेली.
मुंबईस मिशनच्या शाळेत मड्डमने आम्हांस विलायतेचा असाच नकाशा दिला होता. आम्ही रडलो नाही. छडी होती. तीस वर्षे झाली त्याला.
दादा म्हणतो, खेळात जिवाला थोडा विसावा हवा. मी म्हटले, विसाव्याला झोप आहे.
बाहेर कापसाच्या गाड्या. रस्ता ओलांडायला घटका लागते.

पौष शु. १०
शेजारच्या भागाबाई आल्या. त्यांची काशी, तेरा वर्षांची, अकोल्यास दिलेली. परवा परतीच्या रिकाम्या गाडीतून दाराशी उतरली. "मामंजीनं धाडलं," एवढे म्हणाली आणि तोंड मिटले ते मिटलेच. उजव्या हाताची दोन बोटे चेचलेली. कशाने, ते सांगत नाही.
"तुमी पोरी बसवता नं बाई, तिलेबी बसवा. जीव रमला तं बोलंन."
वडील गणपतराव यांनी व्याह्यांना शब्द धाडला आहे: पोरगी बरी झाली की माघी पुनवेस घेऊन जा.

पौष पौर्णिमा
काशीपुढे तु. न. ठेवला. नियम सांगितला: आधी कडेचे तुकडे, मग आतले. तिने एक उचलला. खाचेत घट्ट, बसेना. बोटांतून गळला. हात पदराखाली गेला तो उठेपर्यंत बाहेर आला नाही.
मी रागावले. तिच्यावर नव्हे बहुधा.

पौष व. २
करीम मिस्त्रीकडे गेले. म्हटले, इतका घट्ट का कापलास?
"तुमीच म्हनलं व्हतं, केस जाईन इतकी बी फट नको. लाकडाले बी सास घ्याले जागा लागते, बाई."
फटी सैल करवल्या. कडांना मेण चोळले. प्रत्येक तुकड्यावर धरायला हरभऱ्याएवढी खुंटी. काठ असलेला पाट, म्हणजे तुकडे घसरणार नाहीत. आठ बारके तुकडे शेजारच्या तुकड्यांना चिकटवून टाकले, राहिले चोवीस. पूर्णा नदी मी स्वतः निळीने रंगवली, तुकड्यातून तुकड्यात वाहील अशी.
"आता तं आंधळा बी लावंन."
"मग तू लाव."
त्याने पातूर अकोल्याच्या वर बसवले. म्हणाला, पातुरात सासुरवाड आहे, तिची दिशाच त्याला कधी उमगली नाही.

पौष व. ६
काशी तुकडे धरते आता. पण कडेपासून नाही. रिकाम्या पाटाच्या मधोमध अकोला. शेजारी बोरगाव. मग मुर्तिजापूर, बडनेरा, अमरावती. पाचच तुकडे, एका ओळीत. मोडते. पुन्हा तेच. आज तिसरा दिवस.
"कडेपासून!" दोनदा ओरडले. तिसऱ्यांदा तोंड उघडले आणि पाहिले, तिचा श्वास संथ चालला होता. यमुनीची पाटी तपासायला घेतली.

पौष व. ११
आज बोलली. मुर्तिजापुरावर सरकीचा एक दाणा ठेवला. "इथं गाडी भेटली."
बोट मागे नेले. बोरगाव, अकोला. "इथवर पायी."
कोणासोबत?
"कोनीच नाही."
चौदा-पंधरा कोस. म्हणजे मामंजींनी धाडलेच नव्हते.
मग तुटक तुटक. कापसातून सरकी काढायच्या दोन चरख्या घरातच मांडल्या आहेत. दिवस उगवायच्या आधी सुनेला त्यावर बसवायचे. "रुईले भाव हाये म्हने. बोटं गेली त मामंजी म्हने, दुसरा हात हाये नं."
थोड्या वेळाने: "सांगसान काय बाई, बाबाले?"
मी म्हटले, "नकाशा लाव." फार कडक बोलले.

माघ शु. ५
पूर्ण तु. न. काशी आता हसत लावते. यमुनीला शिकवीत होती: "कडा कायले पायतं? आंदी आपला वळखीचा रस्ता मांड, मंग बाकीचं आपोआप बसते." यमुनीने आजोळच्या नांदगावापासून सुरुवात केली. बाकीच्यांनी आपापल्या गावापासून. कोणी रडले नाही. माझा कडेचा नियम तीस वर्षे टिकला, एका सकाळीत गेला.
भागाबाई वाटीभर लोणी घेऊन आल्या. काशी जेवते, झोपते, बोलते. "तुमच्या हाताले यश हाये, बाई. हे म्हनत होते, आता पुनवेले खुशाल धाडू."
मी काय करून बसले आहे, हे तेव्हा कळले. बरी केली, ती त्या चरखीसाठी.
संध्याकाळभर माजघरात येरझाऱ्या. दादा म्हणाला, बस गं जरा. बसवत नाही.

माघ शु. ९
भागाबाईंना सगळे सांगितले. ऐकून घेतले, सुपातले धान्य पाखडीत राहिल्या.
"मले बोटं दिसत नाहीत का, बाई? पन यायनं शबूद देल्ला. पंचायतीत बसनारा मानूस, शबूद मोडत नाही." मग सूप खाली ठेवून: "बरी झाली तं धाडाचं, असा शबूद हाये. बरी झाली तं."
एवढे बोलून घरात गेल्या. काशी दाराशी उभी होती. तिने ऐकले असावे.
मी आजवर खोटे बोललेले नाही. मुलींना त्यासाठी छड्या मारल्या आहेत.

माघ पौर्णिमा
काशीचे सासरे आले. बैलांच्या शिंगांना चांदीची टोपणे. गणपतरावांना म्हणाले, "मीच धाडली व्हती, हवापालटाले." काशीने मान वर केली नाही.
मग माझ्या ओसरीवर आले. "सून नकाशा लावते म्हने. पाहू दे, डोस्कं ठिकानावर हाये का."
काशी पाटापाशी बसली. अकोला उचलला. खुंटीला धरून नीट फिरवला आणि थेट वर, मेळघाटात ठेवला. त्याखाली पातूर. बडनेरा पूर्णेच्या पलीकडे. तुकडा बसत नव्हता तरी दाबत राहिली.
"अकोला तिकडं कुठं?" सासरे म्हणाले. माझ्याकडे पाहिले. गणपतरावांनीही पाहिले.
माझा हात उठला होता. चूक दिसली की उठतोच. तो मी पदराखाली घातला.
"अजून इतकेच जमते तिला," मी म्हटले.
"ही तं अजून येडीच हाये. अशी नेऊन काय करू?" मग गणपतरावांना: "होळी झाली की येतो. तवर बरी करा."
गाडी गेली. काशीने तुकडे डब्यात भरले.

माघ व. ३
दादा विचारतो, होळीनंतर काय? माहीत नाही. काशीला तिथे ठेवून घेतील का, असे मुंबईच्या शाळेतल्या जुन्या बाईंना पत्र लिहायला घेतले, फाडले. पुन्हा घेतले.
काशीने विचारले, "अमरावतीच्या पुढं कोन्तं गाव हाये, बाई?" नकाशा तिथे संपत नाही, पण तिला विचारायचे होते ते कळले. करीमला आणखी एक फळी सांगितली, वऱ्हाडाबाहेरच्या गावांसाठी.

माघ व. १०
आज गणपतराव अचानक ओसरीवर आले. काशी नुकतीच उठून पाणी आणायला गेली होती. पाटावर तु. न. पुरा लावलेला. चोवीसच्या चोवीस तुकडे जागेवर.
"कोनं लावला?"
"मी," म्हटले. दुसरे खोटे. पहिल्यापेक्षा सोपे गेले, त्याचीच भीती वाटली.
ते वाकले. मुर्तिजापुरावर सरकीचा दाणा होता. उचलला, बोटांत फिरवला. बराच वेळ अकोल्यापासून अमरावतीपर्यंत पाहत राहिले. मग दाणा होता तिथेच परत ठेवला, पागोटे सारखे केले आणि गेले.
काय समजले त्यांना, कोण जाणे. काशीला अजून सांगितलेले नाही.
होळीला वीस दिवस.